इडापिडा टळते, ती जाते कुठे?

दसरा सरला की मराठवाड्याच्या पाटोदा तालुक्यातल्या गावांत आवराआवर सुरू होते. बालाघाटच्या माथ्यावरचा हा मुलूख. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण तिचं पाणी खालच्या पट्ट्याला. माथ्यावर मुरमाड रान आणि पर्जन्यछायेतला बेभरवशाचा पाऊस. खरिपाचं जे काही पदरात पडलं ते घरात टाकून, ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, लेकरं. मागे घर राहतं, म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर, नाहीतर नुसत्या कुलपाच्या. त्या दाराच्या चौकटीला काही ना काही बांधलेलं असतं. कुठे लिंबू-मिरची, कुठे काळ्या दोऱ्यातला बिब्बा, कुठे उलटी टांगलेली काळी बाहुली, कुठे लाल फडक्यातला नारळ. सहा महिने ओस राहणाऱ्या घराचा तो राखणदार.

हा राखणदार करायला फार काही लागत नाही. एक पिवळंधमक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, एक बिब्बा, कोळशाचा तुकडा, काळा दोरा आणि दाभण. मिरच्या देठाजवळून ओवायच्या, म्हणजे लवकर सडत नाहीत. लिंबू मधोमध भेदायचं. बिब्ब्याला मात्र जपून हात लावायचा, कारण त्याचं तेल कातडीला लागलं की उततं, फोड येतात आणि काळे डाग कितीतरी दिवस जात नाहीत. याच बिब्ब्याचं तेल गरम सुईने काढून ऊस तोडणाऱ्यांच्या टाचांच्या भेगांत भरतात. परीट पूर्वी याच्याच रसाने कपड्यांवर खुणा करत. जाळतो आणि बरंही करतो, म्हणून तो दाराशी. शनिवारी किंवा अवसेला जुनी माळ उतरवायची, नवी बांधायची. हे काम बहुतेक घरात बाईच करते. तिला कुणी शिकवलेलं नसतं; आईचे हात पाहून ती शिकलेली असते.

या वस्तूबद्दल आपल्याकडे दोनच बाजूंनी बोललं जातं. एक म्हणते, ही शुद्ध अंधश्रद्धा, तोडून फेका. दुसरी म्हणते, यात विज्ञान आहे. लिंबाच्या वासाने किडे येत नाहीत, दोऱ्यावाटे रस उडून हवा शुद्ध होते. या दुसऱ्या बाजूचं मला जास्त वाईट वाटतं. दारावरच्या एका लिंबाने घरातली हवा शुद्ध होत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. आपल्या आजीच्या भीतीला आणि मायेला मान द्यायचा, तर त्यावर खोट्या विज्ञानाची झूल चढवण्याची गरज नाही. आणि पहिल्या बाजूला एवढंच विचारावंसं वाटतं, की तोडून फेकल्यावर त्या दाराची राखण कोण करणार आहे?

मला या वस्तूला तिसराच प्रश्न विचारायचा आहे. घराचं रक्षण होतं म्हणजे नेमकं काय होतं? ओवाळून टाकलेली इडापिडा जाते कुठे?

लोकजादूचं उत्तर साधं आहे. संकट नाहीसं होत नाही. ते हलवलं जातं. आजाऱ्यावरून भाकरी, भात, अंडं, लिंबू उतरवायचं आणि तो उतारा तिठ्यावर नेऊन ठेवायचा. मागे वळून पाहायचं नाही. जो ओलांडेल, त्याच्यामागे ती पीडा लागेल. दारावरून काढलेली शिळी माळ रस्त्यात टाकायची. येणाजाणाऱ्याने पाय चुकवावा, नाहीतर त्याचं नशीब. पटकीच्या साथीत गावोगाव मरीआईचा गाडा निघे. वाजतगाजत तो गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचं. ते गाव घाबरून त्याच्या पुढच्या शिवेवर पोचवी. साथ गाड्याबरोबर गेली असं प्रत्येक गाव मानत असे, आणि पटकी मात्र विहिरी-ओढ्यांच्या पाण्यातून सगळ्याच गावांत पोचत होती.

हे ढकलण्याचं काम गावगाड्याने कुणाकडे सोपवलं होतं, तेही स्पष्ट बोललं पाहिजे. गाडा शिवेबाहेर नेणं, उतारा उचलणं, ग्रहणाच्या वेळी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ म्हणत दारोदार फिरून लोकांचं अरिष्ट दानाच्या रूपाने आपल्या पदरात घेणं, ही कामं महार-मांगांच्या वाट्याची. गावाच्या घरांवरचं संकट जिथे जाऊन पडायचं, ती जागा ठरलेली होती आणि तिथे माणसं राहत होती. आंबेडकरी चळवळीने ही कामं सोडायला लावली, ती केवळ बुद्धिवादापोटी नाही. ज्यांच्या अंगणात दुसऱ्यांची इडापिडा पिढ्यानपिढ्या टाकली गेली, त्यांना तिचा पत्ता पक्का माहीत होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की दारावरची वस्तू श्रद्धा आहे की अंधश्रद्धा हा वाद दुय्यम आहे. कुठल्याही रक्षणाला लावायची कसोटी एकच: हे फक्त माझं घर राखतं, की शेजाऱ्याचंही? आणि माझं राखताना शेजाऱ्याच्या दारात काही टाकतं का?

ही कसोटी दृष्ट लागण्याला लावून पाहू. दृष्ट भुकेल्याला, कर्जबाजाऱ्याला लागत नाही. ती लागते काहीतरी मिळालेल्याला. नवं बाळ, नवी दुभती म्हैस, पत्र्याच्या जागी पडलेला स्लॅब, दारात उभा राहिलेला ट्रॅक्टर. ज्या गावात दहातली आठ घरं उचलीवर जगतात, तिथे एखाद्याचं घर पक्कं झालं की त्याच्या मनात धाकधूक सुरू होते. हे आपल्याला मिळालं, त्यांना मिळालं नाही, ते बघतायत. काळी बाहुली त्या बघण्याकडे तोंड करून टांगलेली असते. भीती खरी आहे आणि तिचं कारणही खरं आहे. विषमता डोळ्यांना दिसते आणि सलते. पण बाहुली या सलाला नाव देते ते ‘वाईट नजर’ असं. वाईट व्यवस्थेऐवजी वाईट माणूस शोधायला ती शिकवते. पुण्या-मुंबईच्या बंद दारांच्या सदनिकांवरही हीच बाहुली दिसते. ज्यांना उपासमारीची भीती नाही त्यांनाही शेजाऱ्याच्या नजरेची भीती आहे, हे ध्यानात घेतलं की गरिबी हटली म्हणजे हे आपोआप जाईल या समजुतीत फार तथ्य उरत नाही.

एकदा वाईट माणूस शोधायचा ठरला की तो सापडतोच, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. विधवा, मूल नसलेली, एकटी राहणारी, जरा फटकळ. म्हशीचं दूध आटलं, लेकरू सारखं आजारी पडू लागलं, पोराचं लग्न जमेना. घरातली आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते तेव्हा ती कुणाचं नाव घेत नाही. आल्यागेल्याची, पाखरा-पांथस्थाची असं सगळ्यांचं मोघम म्हणून विस्तवावर टाकते. त्या मोघमपणात मोठं शहाणपण आहे. देवऋषी किंवा जाणता येतो तेव्हा तो नाव घेतो. करणी केली, ती कुणी केली, ती उलटवायला किती लागतील. घरच्या हातांनी केलेली माळ पाच-दहा रुपयांत होते. देवऋष्याचा बंदोबस्त एखाद्या घराची अख्खी उचल खातो आणि वर गावात एक शत्रू जन्माला घालतो.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ही रेषा बऱ्यापैकी नेमकी ओढली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला. या कायद्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध कमी करते, दुसऱ्यावर अरिष्ट आणते असं भासवणं हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. मात्र घरी किंवा देवळा-दर्ग्यात केलेले, कुणाला शारीरिक इजा वा आर्थिक नुकसान न करणारे धार्मिक विधी कायद्याने सोडून दिले आहेत. म्हणजे आजीच्या मीठ-मोहरीला तो हात लावत नाही. देवऋष्याच्या बोटाला लावतो. हा कायदा श्रद्धेवर घाला आहे असं ज्यांना सांगण्यात आलं, त्यांनी तो एकदा मुळातून वाचावा.

आता घराच्या राखणदाराची आणखी एक खोड. तो नेहमी बाहेर बघतो. संकट बाहेरून येतं, उंबरठा ओलांडून येतं, म्हणून पहारा दाराशी. मराठवाड्याने या समजुतीची फार मोठी किंमत मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं झोपेत गाडली. ती घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर मातीचं जडशीळ माळवद. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांत गुंतवणारे आडवे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच थर सुटले आणि माळवद माणसांवर आलं. त्या दारांवरही तोरणं होती, उंबऱ्यांवर हळदीकुंकू होतं. मृत्यू दारातून आला नाही, डोक्यावरच्या छपरातून आला. ज्या छपराने उन्हाळ्यात गारवा दिला आणि ज्याच्यावर पिढ्यांनी विश्वास टाकला, तेच. त्यानंतर बांधकामाचे जे धडे गावोगाव दिले गेले, त्यांत कोपरे बांधणं, आडवे दगड किंवा काँक्रीटचे जोड घालणं, माळवदावरची माती हलकी करणं अशा साध्या गोष्टी होत्या. घर राखण्याची तीही एक विद्या आहे आणि ती कुणाच्याही दारात संकट टाकत नाही.

भानामतीची गोष्टही हेच सांगते. मराठवाड्यात ती घराघरांत ठाऊक आहे. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अन्नात घाण सापडते, कपड्यांवर नि अंगावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उमटतात. दाराशी राखणीला बसवलेला बिब्बा इथे हल्लेखोर होऊन येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी घरांत जाऊन शोध घेतला. अनुभव सारखाच: हे करणारे हात घरातलेच असतात. पुष्कळदा कुणी घुसमटलेली सून, कुणी मनाने खचलेलं पोर, ज्याचं दुःख ऐकायला घरात कुणालाच वेळ नाही. बाहेरच्या बाधेवर उपाय करत घर फिरत राहतं आणि आतलं माणूस आणखी एकटं पडतं. त्याला उपाय लागतो तो विचारपुशीचा, उपचाराचा. मारहाण, दारू, हुंड्याचा जाच, मुलीचं बालवयातलं लग्न यांतलं काहीच उंबरठ्याबाहेरून येत नाही. त्यांच्यापुढे लिंबू-मिरची पाठमोरी असते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. माणसाला धीर लागतो. ब्रॉनिस्लॉव्ह मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रियंड बेटांवर पाहिलं, की शांत खाडीतल्या मासेमारीत तिथले लोक जादूटोणा करत नसत. तिथे हातचा हुन्नर पुरत होता. खुल्या समुद्रात जाताना मात्र भरपूर विधी होत, कारण तिथे जीव जाऊ शकत होता आणि मासे मिळतील की नाही याचा नेम नव्हता. जिथे ज्ञान आणि हुन्नर संपतो तिथून पुढचं अंतर माणूस जादूच्या आधाराने चालतो. पाटोद्याहून सहा महिन्यांसाठी निघणारी जोडी खुल्या समुद्रातच निघालेली असते. पहाटे थंडीत फडात उतरायचं, पाचटात साप असू शकतो, पाचटाच्या कोपीत बाळंतपण होऊ शकतं, खाडे पडले तर उचल फिटत नाही, मागे म्हातारी आजारी पडली तर कळायलाही उशीर. त्या जोडीतल्या बाईने दाराला बिब्बा बांधला, तर तिला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. धीराची गरज मला पूर्ण मान्य आहे.

पण मालिनोव्हस्कीचं निरीक्षण दोन्ही बाजूंनी वाचता येतं. जादू जिथे दाटते तिथे समाजाने काय पुरवलं नाही, हेही ते दाखवतं. दारावरची माळ ही त्या घराने केलेली मागणी आहे. ती वाचायची सोडून आपण तिच्या खऱ्याखोट्यावर वाद घालतो.

आणि दुसऱ्याच्या दारात काही न टाकणारं रक्षण आपल्या परंपरेला अनोळखी आहे, असं मुळीच नाही. देवी किंवा गोवर आलेल्या घराला कडुलिंबाचे डहाळे लावत. त्या डहाळ्यांनी आतल्या रोग्याचा रोग हटत नसेल, पण बाहेरच्याला खूण पटे की इथे आत्ता यायचं नाही, लेकराला आणायचं नाही. ती निशाणी शेजारच्या लेकरांची राखण करत होती. दुसरं उदाहरण आस्तिकाचं. झोपण्यापूर्वी ‘आस्तिक, आस्तिक, काळभैरव’ म्हटलं की साप घरात येत नाही, असं आपल्या कितीतरी घरांत सांगितलं जातं. हा आस्तिक महाभारतातला. जनमेजयाने सर्पसत्र मांडून नागांची कुळं जाळायला काढली, तेव्हा या तरुण ऋषीने ते थांबवलं. त्याचं नाव घेणाऱ्याला आम्ही त्रास देणार नाही, असं नागांनी कबूल केलं. या मंत्राचा पाया शत्रूला जाळण्यात नाही, त्याला वाचवण्यात आहे. नागपंचमीला नांगर धरू नये, जमीन खणू नये, ही चालही त्याच कुळातली. वेशीवरचा शेंदूर लावलेला मारुतीही कुणा एका घराचा नसतो. तो अख्ख्या गावाचा.

आधुनिक काळाने हेच तत्त्व पुढे नेलं आणि त्याला पुराव्याचा आधार दिला. देवीची लस टोचून घेणारा स्वतः वाचलाच, पण त्याच्यापासून पुढे जाणारी साखळीही तुटली. म्हणूनच 1975 नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही आणि 1980 मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग शिवेपलीकडे ढकलून नव्हे, प्रत्येक शिवेवर अडवून. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या शेतकरी घरात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत होती आणि विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते. त्यांनी रात्र रात्र रोग्यांपाशी बसून निरीक्षणं केली, प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून पाहिलं, आणि जिथे शंभरातले चाळीस दगावत तिथे ते प्रमाण एकदोनावर आलं. ते ज्ञान त्यांनी जगभरच्या डॉक्टरांसाठी छापून टाकलं. विंचू उतरवण्याचा मंत्र सांगितला की त्याची शक्ती जाते, असं मांत्रिक मानतो. औषधाची शक्ती सांगितल्याने वाढते.

सर्पदंशाचंही तसंच आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं त्याने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्याकडे बनते. प्रश्न तिच्या बाटलीचा नाही, ती फडापासून किती तासांच्या अंतरावर आहे याचा आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात ती आहे आणि रात्री ती टोचणारं कुणी जागं आहे, हे ज्या दिवशी ऊसतोड कामगाराला खात्रीने ठाऊक होईल, त्या दिवशी त्याच्या कोपीची राखण होईल.

मग पाटोद्यातल्या बंद घराची राखण कशात आहे? मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एकदा जाणाऱ्या आशाताईंत. मुलं फडावर न नेता गावात शिकू शकतील अशा हंगामी वसतिगृहांत. राज्याने 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना केली आणि तिला याच तालुक्यातल्या सावरगावात जन्मलेल्या संत भगवानबाबांचं नाव दिलं. नावाला शोभेल अशी ती प्रत्येक गावच्या लेकरापर्यंत पोचली पाहिजे. उचलीचा हिशेब कागदावर असण्यात, कामगाराच्या विम्यात, बाईच्या आजारपणाचा खाडा न धरण्यात. बालाघाटच्या माथ्यावर पाणी अडवण्यात, म्हणजे निदान काही घरांना कुलूप लावावंच लागणार नाही. यातलं काहीही एका घराला एकट्याने मिळवता येत नाही आणि मिळालं तर ते एकट्याचं राहतही नाही.

आपल्या आया-आज्या ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ महात्मा फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्या बळीराजाला रयतेचा राजा म्हणून पुन्हा उभं केलं. या आशीर्वादाचा पहिला भाग आपण दाराच्या चौकटीला बांधला आणि दुसरा विसरलो. पण बळीचं राज्य एका घरापुरतं येत नाही. ते आलं तर गावाला येतं. ज्या बाईने दाराला बिब्बा बांधला तिच्याकडून तो हिसकावून घेण्याची घाई मला नाही. घाई आहे ती दुसऱ्या भागाची. तो पुरा करण्याची जबाबदारी त्या बाईची नाही. ती सरकारची आहे, साखर कारखान्यांची आहे, आणि तिने तोडलेल्या उसाची साखर रोज चहात घालणाऱ्या आपल्या प्रत्येकाची आहे.